वाघ्याला काळीनं वळण लावलं

आमच्या आर्वीकडच्या वावरात जागलीसाठी आणलेला वाघ्या दुसरं कुत्रं दिसलं की थेट तोंडावर झेपायचा. पिल्लं वयाच्या 3 ते 14 आठवड्यांत इतरांशी जुळवून घ्यायला शिकतात. तेव्हा हा आधीच्या मालकाकडे एकटाच बांधलेला.

शेजारच्या काकाजींची कुत्री काळी वयस्क, शांत. दोघांच्या लसी झालेल्या, म्हणून धुऱ्यावर मोकळं सोडलं. वाघ्यानं उडी घेताच काळी ताठ थबकली, ओठ उचलून गुरगुरली. ऐकेना तेव्हा हवेतच तोंड मारलं, दात लागू दिला नाही. तो मागे सरताच तीही सैल पडली. इतकं मापात रागावणं माणसालाही जमत नाही!

रोजच्या सोबतीनं आता वाघ्या वळसा घेऊन जातो, आधी मागून हुंगतो, पुढचे पाय टेकवून खेळायला बोलावतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मात्र दटावू नका. तो इशारा असतो. चावऱ्या कुत्र्याजवळ पिल्लू सोडूच नका.