मास्लेनित्साचे जाळीदार ब्लिनी कसे करावेत

मास्लेनित्सा हा रशियात थंडीला निरोप देण्याचा आठवडा. 'मास्लो' म्हणजे लोणी, त्यावरून हे नाव पडलं. ईस्टरआधीचा मोठा उपवास सुरू होण्यापूर्वीचे हे सात दिवस. २०२७ मध्ये ते ८ ते १४ मार्चला येतात. मांस आधीच्या रविवारीच बंद झालेलं असतं, पण दूध, लोणी, अंडी, मासे चालतात. म्हणून या आठवड्याच्या ब्लिनीत, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या पातळ रशियन घावनांत, खिमा भरू नका, बाकी वर्षभर खुशाल भरा.

साहित्य (मध्यम तव्यावर साधारण १४): मैदा १५० ग्रॅम, कुट्टूचं पीठ १०० ग्रॅम, दूध ५०० मिली, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर १ मोठा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, अंडी २, वितळलेलं बटर ५० ग्रॅम. नुसत्या कुट्टूचे ब्लिनी उलटताना फाटतात. मैद्याचा चिकटपणा लागतोच.

१. ३०० मिली दूध कोमट करा. बोटाला गरम लागलं तर थांबा, नाहीतर यीस्ट मरेल. त्यात यीस्ट, साखर, मैदा कालवून पाऊण तास झाका. या आंबवणाला 'ओपारा' म्हणतात. ते फुगून मध्यभागी किंचित खचू लागलं की तयार. त्यापुढे ठेवलंत तर आंबूस वास येतो.

२. कुट्टूचं पीठ, अंड्याचे बलक, मीठ, बटर घालून फेटा. पुन्हा ४० मिनिटं झाका. घाई इथेच नडते: हा दुसरा फुगवटा टाळला, तर जाळी पडत नाही.

३. उरलेलं दूध चांगलं गरम करा, उकळतं मात्र नको. फेटत फेटत बारीक धारेने ओता. मग अंड्यांचे पांढरे फेसून हलक्या हाताने मिसळा आणि २० मिनिटं ठेवा. पीठ घावनाच्या पिठापेक्षा जरा दाट हवं.

४. बिडाचा तवा चांगला तापवा. काट्याला टोचलेला अर्धा बटाटा तेलात बुडवून त्यावर फिरवा. आपण अर्ध्या कांद्याने करतो तसंच. पीठ ढवळू नका, कडेने अलगद पळीभर उचला, नाहीतर सगळी हवा बसते. तव्यावर ओतून लगेच तवा तिरका फिरवा. वर भोकं पडली, ओलसर चकाकी गेली आणि कडा सुटली, की उलटा. दुसऱ्या बाजूला अर्धं मिनिट पुरे.

'पहिला ब्लिन गोळाच होतो' अशी रशियन म्हणच आहे. बहुतेक वेळा कारण एकच, तवा पुरेसा तापलेला नसतो. दुसराही चिकटला तर पिठात चमचाभर मैदा घाला.

उतरवलेल्या प्रत्येक ब्लिनला लगेच बटर लावा, एकावर एक रचा आणि झाकून ठेवा. उघडे राहिले तर कडा कडक होतात. सोबत 'स्मेताना' म्हणजे आंबवलेली दाट साय, मध, जॅम किंवा माशाची अंडी. स्मेताना मिळाली नाही, तर चक्क्यात थोडी साय फेटून घ्या.

बुधवारी सासू जावयाला ब्लिनी खायला बोलावते. रविवारी गवताची बाई जाळतात, एकमेकांची क्षमा मागतात. उत्तर असतं, 'देव क्षमा करेल'. त्या रात्री उरलेले ब्लिनी संपवायचे, कारण सोमवारपासून उपवासात दूध-लोणीही चालत नाही.