कोड उघडा ठेवलात, पण लायसन्स कुठे आहे? या चुका टाळा

लातूरच्या आडतीवर सोयाबीन घातलं की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. कट्टे किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, सगळं त्यात असतं. ही पट्टी मोबाईलवर पडताळून पाहता यावी म्हणून आमच्या पाच विद्यार्थ्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकला. दोन वर्षांनी परभणीकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणाऱ्या मुलाचा फोन आला. "सर, आमच्या भागातल्या कपातीप्रमाणे बदलून वापरलं तर चालेल का?" मी लगेच हो म्हणालो. नंतर रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबवरचं त्या प्रोजेक्टचं फोल्डर, उघडून पाहिली, तर त्यात लायसन्सच नव्हतं, म्हणजे कोड कुणी कोणत्या अटींवर वापरायचा ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. माझ्या होकाराला काही अर्थ नव्हता. कोड पाच जणांचा होता. तिघे पुण्यात, एक हैदराबादला, आणि पाचव्याचा नंबर बदललेला. ते निस्तरेपर्यंत सोयाबीनचा एक अख्खा हंगाम हातातून गेला.

"कोड ओपनच आहे की, सर"

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो सगळ्यांना वापरता येतो, असं मुलं धरून चालतात. रान रस्त्याला लागून आहे, कुंपण नाही, म्हणून कोणी त्यात तिफण घालत नाही. सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम 'साहित्यकृती' धरला जातो. नोंदणी केली नाही तरी लिहिल्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो त्याच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. लायसन्स नसेल तर गिटहबच्या अटींनुसार इतरांना तिथल्या तिथे कोड पाहता येतो आणि फोर्क करता येतो, म्हणजे गिटहबवरच त्याची आपली प्रत काढता येते. बदलून गावागावांत वाटण्याची परवानगी त्यातून मिळत नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. रिपॉझिटरीच्या मुळाशी लायसन्सची फाईल टाका आणि मजकूर जसाच्या तसा ठेवा. फाईल टाकूनही गिटहब लायसन्सचं नाव ओळखत नसेल तर बहुतेक वेळा मजकुरात काहीतरी घुसवलेलं असतं. एका गटाने वर कॉलेजचं नाव, गाइडचं नाव आणि आभार असा सगळा मजकूर घातला होता. तो रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमध्ये, हलवला आणि काम झालं. एमआयटी या छोट्या, मोकळ्या लायसन्समध्ये वर्ष आणि नाव यांच्या रिकाम्या चौकटी असतात. त्या तशाच सोडलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की आता कुठलाही प्रोजेक्ट तपासताना आधी तीच ओळ बघतो.

"व्यापाऱ्यांनी वापरू नये" अशी ओळ

या चुकीमागची भावना मला मनापासून पटते. आपल्या भागातली पोरं शेतकऱ्याच्या घरातून आलेली असतात. म्हणून ती लायसन्सखाली स्वतःची एक ओळ जोडतात: फक्त शेतकऱ्यांसाठी मोफत, व्यापाऱ्यांना बंदी. पण व्यापारी कोणाला म्हणायचं? परभणीची ती कंपनी सभासदांचा माल घेते, साठवते, विकते. या ओळीने पहिली तीच बाहेर पडली असती. शिवाय ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या व्याख्येत सहावा मुद्दाच असा आहे की कुठल्याही क्षेत्रातल्या वापरावर बंदी घालता येत नाही. अशी ओळ असली की तो प्रोजेक्ट ओपन सोर्स राहत नाही. जेसन (JSON) या माहिती लिहायच्या पद्धतीसाठीच्या कोडच्या मूळ लायसन्समध्ये 'चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको' एवढंच वाक्य होतं. त्या एका वाक्यामुळे डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमसारख्या प्रकल्पांनी तो कोड नाकारला.

खरी भीती वेगळी असते. कुणी आपला कोड घेईल, सुधारेल आणि कुलूप लावून आपल्याच माणसांना विकेल, ही ती भीती. तिच्यावर जीपीएल हे लायसन्स हा उपाय आहे. शेजाऱ्याने घरचं सोयाबीन बियाणं नेलं, त्यातून आणखी चांगलं तयार केलं, तर ज्याला तो ते देईल त्यालाही पुढे पेरायची आणि वाटायची तीच मोकळीक मिळाली पाहिजे, असा तो करार. पैसे घ्यायला जीपीएलची आडकाठी नाही. कोड लपवायला आहे.

इथे एक फट मात्र राहते. कुणी तुमचा प्रोग्रॅम बदलून फक्त स्वतःच्या सर्व्हरवर चालवला आणि लोकांना वेबसाइट दिली, तर साध्या जीपीएलखाली त्याला कोड द्यावा लागत नाही. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये जीपीएलच्याच भावंडाची, एजीपीएलची, तिसरी आवृत्ती आली. त्यात बदललेली आवृत्ती नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही कोड मिळण्याची सोय ठेवावी लागते. पट्टी, टँकरच्या फेऱ्या, पाणीपातळी अशा सार्वजनिक कामाच्या सॉफ्टवेअरला मी एजीपीएलच सुचवतो. इतर प्रोग्रॅममध्ये जोडायची छोटी लायब्ररी असेल आणि ती जास्तीत जास्त ठिकाणी जावी असं वाटत असेल तर एमआयटी पुरे. पेटंटची धास्ती असेल तर अपाची २.० हे लायसन्स, कारण त्यात पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे.

दुसऱ्याचा कोड मिसळताना

एमआयटीचा कोड घेतला तर त्याची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवावाच लागतो. फाईल 'साफ' करताना मुलं नेमकं तेच पुसतात. फक्त जीपीएल २ खाली असलेला कोड आणि अपाची २.० चा कोड एका प्रोग्रॅममध्ये बसत नाहीत, असं जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं मत आहे. जीपीएल ३ सोबत अपाची २.० चालतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवरून उचललेल्या तुकड्यांनाही क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सच्या अटी असतात. मराठी अॅपमध्ये मुक्ता किंवा बालू फॉन्ट टाकला असेल तर तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. अॅपसोबत खुशाल द्या, फक्त त्याच्या लायसन्सची फाईल सोबत ठेवा.

कोड नक्की कुणाचा?

नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कायद्याने मालकाचा. तो परस्पर गिटहबवर टाकू नका, लेखी परवानगी घ्या. उलट, एखाद्या जिनिंगवाल्याला सुट्टं काम करून दिलं असेल आणि हक्क लेखी लिहून दिले नसतील, तर साधारणपणे तो कोड तुमचाच राहतो. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी संस्थेचा नियम आधी वाचा.

"लायसन्स नंतर बघू"

आमची चूक हीच होती. बाहेरच्या एका माणसाच्या चार ओळी आल्या की त्या चार ओळींचा मालक तो असतो. लायसन्स ठरवायचं किंवा बदलायचं तर त्याला विचारावं लागतं. व्हीएलसी प्लेअरच्या इंजिनाचं लायसन्स २०११ च्या सुमारास जीपीएलवरून त्याहून सैल अशा एलजीपीएलवर नेलं, तेव्हा जुन्या-नव्या कितीतरी लेखकांना एकेक करून गाठावं लागलं. आणि एकदा एमआयटीखाली दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. पुढची आवृत्ती वेगळ्या अटींवर काढता येते, पण जुनी ज्यांच्याकडे गेली त्यांची ती राहते.

आमच्या चौघांनी ईमेलवर लेखी होकार दिला. पाचवा शेवटपर्यंत सापडला नाही. बारदानाचं वजन वजा करून तोलाई काढणारा भाग त्याने लिहिला होता. तो आम्ही काढून टाकला आणि दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला जुना कोड न दाखवता फक्त हिशोबाचा नियम तोंडी सांगितला. तिने तो दोन दिवसांत नव्याने लिहिला. त्यानंतर एजीपीएलची फाईल टाकली आणि परभणीला फोन केला.

आता नवीन कुणी कोड पाठवला की त्याच्या कमिटखाली, म्हणजे बदलाच्या नोंदीखाली, साइन-ऑफची ओळ आहे का ते आधी पाहतो. 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे आणि तो या प्रोजेक्टच्या लायसन्सखाली देतो आहे' अशी ती ग्वाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, २००४ पासून हीच पद्धत आहे. ओळ नसेल तर कोड कितीही चांगला असो, आधी ती जोडून आणायला सांगतो.