पद्मिनीचे मागचे ब्रेक: माझा अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी मी ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, तयार केली. ४०० मीटर पळायची छान, पण थांबताना उजवीकडे ओढायची. आधी नवे ब्रेक-शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या अस्तर लावलेल्या पट्ट्या) टाकले. पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न!

डावा ड्रम काढला तर शू तेलाने चिंब. वास घेतला, ब्रेक ऑइल नव्हे, गियर ऑइल. म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलिंडर निर्दोष, अ‍ॅक्सलचा सील (चाकाच्या दांड्याभोवती तेल अडवणारं कडं) गळत होता. सील बदलणारच होतो, तेवढ्यात मकरपुऱ्याचे लेथवाले काका म्हणाले, "अरे, आधी ब्रीदर बघ की!" अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवरचं, आतली हवा बाहेर सोडणारं ते बोटभर ब्रीदर चिखलाने बुजलं होतं. तेल तापलं की आत दाब वाढायचा आणि सीलमधून तेल बाहेर. शू पेट्रोलने धुऊन वापरण्याचा मोह टाळा. अस्तरात मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतंच.

दोन्ही ड्रम लेथवर एकाच मापाला घेतले. ड्रमला आतून खडू चोळून शू फिरवला, तर खडू फक्त मध्यभागी लागला. तेवढा उंचवटा घासून काढला.

सस्पेन्शनचं काम त्यामानाने सोपं. क्लच सोडताच मागचे पाटे (पट्टीच्या स्प्रिंगा) एस आकारात पिळायचे, चाकं उड्या मारायची. नवे बुश, कडक शॉक आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्शन बार (पाट्यांची पिळण रोखणारे दांडे) लावले. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट मात्र पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळावे लागले, अर्धा आटा तरी फिरलेच.