सोमवारी माल निघणार नव्हता

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कजवळ एका कंपनीत मी नवीनच लागलो होतो. अमेरिकेतल्या ग्राहकाचा कॉल चालू होता आणि मिनिट्स, म्हणजे बैठकीच्या नोंदी, लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी वहीत उतरवलं, 'वुई कॅन शिप ऑन मंडे.' तसाच मेल सगळ्यांना गेला. सोमवारी माल निघाला नाही, कारण ग्राहक 'कॅन्ट' म्हणाला होता. टीम लीड मॅडमने रेकॉर्डिंग लावून दाखवलं, तरी मला 'कॅन'च ऐकू आलं. मॅडम म्हणाल्या, "काहून रे, खरंच ऐकू नाही येऊन राहिलं का?"

मी काटोलकडचा, मराठी माध्यमाचा. इंग्रजी पहिलीपासून होतं, पण आम्ही ते डोळ्यांनी शिकलो. धडा सर मराठीतूनच समजावायचे. वाचलेलं सगळं कळे, म्हणून मी ठरवून टाकलं की हे लोक फार फास्ट बोलतात. यूट्यूबचा वेग पाऊण पट केला, तरी तेच. मग सबटायटल लावून सिनेमे पाहिले. तीन महिन्यांत वाचायचा वेग तेवढा वाढला.

गाठ सुटली ती आपल्याच बोलीमुळे. पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याला मी विचारलं, "काय करून राहिला बे?" तो नुसता पाहत राहिला. यातला एकही शब्द त्याला नवा नव्हता. पण आपण ते 'कायकरूनरायला' असं एका दमात म्हणतो आणि त्याचा कान 'करून' नि 'राहिला' वेगवेगळे शोधत होता. माझंही इंग्रजीत नेमकं हेच होत होतं.

इंग्रजीत वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले 'कॅन', 'टू', 'ऑफ', 'हॅव' आक्रसून जातात. त्यांचा स्वर आपल्या तोकड्या 'अ'सारखा उरतो, त्याला श्वा म्हणतात. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. आपण मराठीत बहुतेक अक्षरांना त्यांचा वाटा देतो, म्हणून आपला कान पूर्ण 'कॅन'ची वाट पाहत बसतो. अमेरिकन माणूस 'आय क्‌न डू इट' म्हणतो. नकारात मात्र 'कॅ' ठसठशीत येतो आणि शेवटचा 'ट' बहुधा ओठांबाहेर पडतच नाही. म्हणजे 'कॅ' स्पष्ट ऐकू आला तर आधी नकाराचाच संशय घ्यायचा! ब्रिटिश माणूस बहुधा लांब 'आ' लावून 'कान्ट' म्हणतो, तिथे एवढी फसगत होत नाही.

पुढे मी जे केलं ते कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम फुकट आहे आणि त्याची संहिताही मिळते. त्यातले फक्त चाळीस सेकंद घ्यायचे. एकदा नुसते ऐकायचे. मग थांबवत थांबवत, कानावर पडलं तसं देवनागरीत लिहायचं. इंग्रजीत लिहायला गेलं की हात सवयीने बरोबर स्पेलिंग लिहितो आणि चूक झाकली जाते. देवनागरीत खरा आवाज उतरतो. माझ्या वहीत 'कुडव', 'गना', 'वॉडर' असले शब्द निघाले. संहितेत पाहिलं तर ते 'कुड हॅव', 'गोइंग टू', 'वॉटर' होते. ('गना' आणि 'वॉडर' अमेरिकन मुलाखतींतून आलेले.) जिथे फरक पडला तिथे लाल खूण करायची, आणि तेच वाक्य त्यांच्यासारखं गिळून मोठ्याने म्हणायचं. तोंडाला जमलं की कान ते पकडतो. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

तोच तुकडा दुसऱ्या दिवशी प्रजापतीनगर ते सुभाषनगर मेट्रोत पुन्हा ऐकायचो. गर्दीत नवीन काही ऐकायच्या भानगडीत पडू नका.

जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असली की टीव्हीवर इंग्रजी कॉमेंट्री लावायचो. काय झालं ते डोळ्यांना आधीच दिसलेलं असतं, त्यामुळे कानाला शब्द जुळवायला सोपं जातं. ऑफिसात त्या शब्दांचा उपयोग जवळपास शून्य, पण लय बसते.

आकड्यांचा वेगळा सराव करा. 'फिफ्टीन'चा जोर बहुधा शेवटी पडतो, 'फिफ्टी'चा सुरुवातीला; 'न' शोधत बसू नका. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणार असाल तर ध्यानात ठेवा, श्रवणाच्या 40 प्रश्नांसाठी ध्वनिफीत एकदाच वाजते.

कॉलवर मात्र ती पुन्हा वाजवून घेता येते, हे मला उशिरा कळलं. नुसतं 'सॉरी?' म्हटलं तर समोरचा तेच वाक्य तसंच गिळून पुन्हा म्हणतो. त्यापेक्षा "सो, नो शिपिंग ऑन मंडे, राइट?" असं आपल्या शब्दांत विचारावं. याची लाज मला वर्षभर वाटली आणि त्याच वर्षात सगळ्यात जास्त चुका झाल्या.

परवा एका स्कॉटिश ग्राहकाचा फोन आला. पहिल्या मिनिटात 'गुड मॉर्निंग' आणि 'इन्व्हॉइस' एवढंच हाती लागलं. उद्यापासून मेट्रोत स्कॉटलंडच्या बातम्या लावणार आहे.