भूमितीच्या पेपरात ‘∴’ हरवू नये म्हणून

सोलापुरात नवी पेठेत दहावीच्या क्लासचा सराव पेपर छापायला दिला. हातात आला तेव्हा सिद्धतेतल्या प्रत्येक ‘∴’ च्या जागी तिरपी रेष होती. पोरं विचारायला लागली, “सर, इथं भागायचं काय?”

चूक फाँटची होती. जुन्या ‘सिम्बॉल’ फाँटमध्ये ‘म्हणून’चं हे चिन्ह बॅकस्लॅशच्या जागेवर बसवलेलं आहे. त्यामुळे फाँट बदलला की खालची मूळ रेष उघडी पडते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नि चिन्हाला वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र त्याला स्वतःचा क्रमांक आहे, २२३४. शेजारचा २२३५ म्हणजे ‘कारण’चं चिन्ह, ‘∵’.

वर्डमध्ये कीबोर्ड इंग्रजीवर घ्या, एक स्पेस सोडा, इंग्रजी आकड्यांत २२३४ टाइप करा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. आकडे जाऊन ‘∴’ उमटतं. मराठी आकडे टाकून हे जमत नाही, तिथंच बहुतेक जण अडतात. २२३४ हा सोळाच्या पायातला क्रमांक; वेबपानासाठी तोच दशमानात ८७५६ होतो.

आणि कृपा करून अपूर्णविराम नि टिंब जोडून हे चिन्ह बनवू नका. कागदावर खपतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही. छपाईला देताना पीडीएफच द्या, फाँट आत घेऊन.