क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर कसं मिळवायचं

नवीन सेम सुरू झाली की नवीन ग्रुप बनतो आणि दोन आठवड्यांत निम्म्या क्लासने तो म्यूट केलेला असतो. मग "उद्या जर्नल चेकिंग आहे का?" असं कोणी विचारलं की वाचतात सगळे पण बोलत कोणीच नाही.

म्हणून पहिली गोष्ट, सगळ्यांना एकदम विचारूच नका. "कोणाकडे असाइनमेंट आहे का" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल. त्यापेक्षा ॲट टाकून एकाचं नाव घ्या, ग्रुप म्यूट असला तरी मेन्शनचं नोटिफिकेशन जातंच. फक्त दरवेळी टॉपरला पकडू नका रे, तो आधीच वैतागलेला असतो, ज्याची फाइल काल चेक झालीय त्याला पकडा.

आता ब्लू टिक. बरेच जण ती बंद करून निवांत असतात, पण ते सेटिंग पर्सनल चॅटपुरतंच, ग्रुपमध्ये चालत नाही. आपला मेसेज दाबून धरा, इन्फो उघडा, कोणी वाचलाय, कोणाला नुसता पोचलाय, अख्खी यादी दिसते. व्हॉइस नोट ऐकलेलंही कळतं. पण याचा वापर "तू ९.४२ ला वाचलंस ना" म्हणून भांडायला करू नका, आमच्या इथे एका प्रोजेक्ट ग्रुपची वाट यानेच लागलीय. सबमिशनची तारीख बदलली तर रात्री यादी बघायची, ज्यांना मेसेज पोचलाच नाही त्यांना सरळ फोन लावायचा, बास.

तारीख ठरवायची असेल तर पोल टाका, २०२२ पासून ती सोय आहे. टाकताना एकापेक्षा जास्त उत्तरांचं बटण बंद करा, नाहीतर लोक सोमवारलाही हो म्हणतात आणि मंगळवारलाही. आणि कोणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं, त्यामुळे मास बंकचा, म्हणजे अख्ख्या क्लासने लेक्चर बुडवायचा, पोल टाकणं म्हणजे एचओडींसाठी (विभागप्रमुखांसाठी) आपल्या हाताने यादी तयार करणं, एक स्क्रीनशॉट गेला की संपलं. ते कँटीनमध्येच ठरवा.

टायमिंग चुकीचं टाकलं तर डिलीट करू नका, मेसेज डिलीट केल्याची खूण मागे राहते आणि पुढचा अर्धा तास "काय होतं रे?" चालतं. १५ मिनिटांच्या आत एडिट होतं. टाइमटेबल पिन करा, जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं.

राहिला सर असलेला ग्रुप आणि सर नसलेला ग्रुप, हे दोन्ही सगळीकडे असतातच. दोघांचे डीपी एकदम वेगळे ठेवा, आणि सरांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल असं सेटिंग करून टाका, म्हणजे रात्री एकचा स्टिकर तिकडे जायचा प्रश्नच मिटला. सीआर, म्हणजे क्लासचा प्रतिनिधी, ॲडमिन असतो, त्याचं त्याने बघावं.