स्पोक कॅलिपरला घासतोय? स्पेसर टाकायच्या आधी हे वाचा

मोटरसायकलला पुढे दुसरं चाक बसवलं की हे बऱ्याचदा होतं. एक्सल बसतो, बेअरिंग बसतं, सगळं मस्त, आणि चाक फिरवलं की टिक टिक टिक, स्पोक कॅलिपरच्या (डिस्कला पॅडनी पकडून ब्रेक लावणारा भाग) पोटाला घासतोय. मग कोणीतरी सांगतं, कॅलिपरला दोन दोन वॉशर टाक ना. मी टाकले होते. काही दिवसांत पॅड तिरके झिजले आणि बोल्ट काढून बघितला तर जेमतेम चार आटे धरून होता, एम ८ (८ एमएम जाडीचा बोल्ट) चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ एमएम धरलं तर ५ एमएम. पुढच्या ब्रेकचा बोल्ट! अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

तर आधी मोजा. तात्पुरते वॉशर टाकून कॅलिपर बाहेर घ्या (आत्ता चालतील, गाडी पळवायची नाहीये), कॅलिपरच्या स्पोककडच्या बाजूला कणकेची गोळी चिकटवा आणि चाक सावकाश पूर्ण एक फेरी फिरवा. दाबली गेलेली कणीक जिथे सगळ्यात पातळ असेल तिथे ब्लेडने कापून व्हर्नियर लावा, तेवढा गॅप. स्पोक ताणाखाली हलतो, बेअरिंगलाही थोडा प्ले (ढिलेपणा) असतो, म्हणून मी निदान ३ एमएम जागा मोकळी ठेवतोच. तेवढी मिळेल तेव्हा वॉशरची जी एकूण जाडी असेल तीच स्पेसरची (वॉशरऐवजी मध्ये बसवायची एकसंध जाड चकती).

आता कॅलिपरचा कान (बोल्टचं भोक असलेला भाग) फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या पुढच्या पायाच्या, कानाच्या कुठल्या बाजूला बसतो ते बघा. बाहेरून बसत असेल तर मधला स्पेसर कॅलिपर बाहेर ढकलतो. आतून बसत असेल तर तोच स्पेसर कॅलिपर चाकाकडे ढकलणार, म्हणजे उलटंच काम! तिथे हा उपाय विसरा.

आणि मेन गोष्ट, समजा कॅलिपर ३ एमएम सरकला तर डिस्कही ३ एमएमच सरकली पाहिजे. स्लायडिंग पिनवाला कॅलिपर थोडंफार सांभाळून घेतो म्हणून लोक डिस्क तशीच ठेवतात, पण दोन्हीकडे पिस्टन असलेल्या फिक्स कॅलिपरमध्ये डिस्क बरोब्बर मध्येच लागते. डिस्कखाली सुटे वॉशर नकोत, पूर्ण रिंग करून घ्या. डिस्क हबच्या गोल उंचवट्यावर सेंटर होत असेल तर जाड रिंगमुळे ती त्यावरून वर उचलली जाते, म्हणून रिंगलाही तसाच स्टेप (गोल उंचवटा) लागतो, हे टर्नरला, म्हणजे लेथवाल्याला, स्पष्ट सांगा. डिस्क आणि तिच्या बोल्टची डोकी फोर्कला घासत नाहीत ना तेही बघा.

पुण्यात असाल तर बोल्ट नाना पेठेत मिळेल, स्पेसर भोसरीत कुठल्याही लेथवाल्याकडे होतील. मटेरियल अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेस, दोन्ही तोंडं समांतर, व्हर्नियरने चार जागी मोजलं तरी तोच आकडा आला पाहिजे, आणि दोन्ही नग सारखे. बोल्ट कंपनीच्या बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीइतका जास्त लांब घ्या, ग्रेड (मजबुतीचा आकडा) त्याच्यापेक्षा कमी नको. अॅल्युमिनियमच्या फोर्कमध्ये एम ८ ला निदान १२ एमएम आटे धरायला हवेत. फार लांबही नको, टोक पलीकडे निघून डिस्कला लागेल.

बसवताना आटे स्वच्छ करा, निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव), आणि टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर टाइट. अंदाजाने पिळू नका, अॅल्युमिनियमचे आटे सुटले की फोर्कचा खर्च वेगळा. मग हँडल दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज कुठे ताणला जात नाही ना बघा, आणि गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, पॅड मागे गेलेले असतात, पहिल्या दाबात लिव्हर थेट ग्रिपला टेकतो.

एबीएसवाल्यांनो, टोन रिंग (चाकाचा वेग मोजायला सेन्सर वाचतो ती खाचांची रिंग) डिस्कबरोबर बसत असेल तर तीही सरकली, सेन्सरचा गॅप बदलून दिवा लागू शकतो, मग सेन्सरलाही तेवढंच सरकवावं लागेल. बोल्टवर मार्करने रेघ मारून ठेवा आणि ५० किमीनंतर रेघ जुळतेय का बघा.